खुडूक कोंबडीचं डालगं

अंडी उबवायला खुडूक बसलेल्या कोंबडीला जागेवरून हलवू नये. हलवायचीच वेळ आली तर तिच्या डालग्यासकट, त्या बांबूच्या टोपलीसकट, उचलावी. खालचा पेंढा, अंडी, सगळं जसंच्या तसं. नव्या डालग्यात घातली की ती बसत नाही, अंडी गार पडतात. आमच्याकडे बायकांना हे कुणी शिकवत नाही, त्यांना ते येतंच. त्यामुळे धाकट्या बहिणीच्या लग्नानंतरच्या मार्गशीर्षात आईने तिला वाट्याची कोंबडी दिली, ती आमच्या जुन्या, धुराने काळवंडलेल्या डालग्यातूनच गेली.

वाट्याची कोंबडी म्हणजे पिल्लं निघाली की निम्मी देणारीची, निम्मी सांभाळणारीची. आईला त्या पिल्लांची गरज नव्हती. पण कोंबडी नुसती देऊन टाकली तर ती सासरची होते. वाट्याची म्हटलं की तिच्यावर पोरीचा हात राहतो. नव्याने सासरी गेलेल्या पोरीला आपलं म्हणावं असं त्या घरात फार काही नसतं, हे आईला माहीत होतं. तिलाही तिच्या आईने अशीच कोंबडी दिली होती.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. बहीण दिली होती खाली महाडच्या बाजूला, सवच्या वाटेवरच्या एका गावात. वडील ते डालगं डोक्यावर घेऊन मोटाररस्त्यापर्यंत उतरले आणि तिथून एस.टी.ने गेले. कोंबडी सगळी वाट अंड्यांवरून उठली नाही, हे त्यांनी परत आल्यावर दोनतीनदा सांगितलं. घरातल्या कोंबडीचा त्यांना एवढा अभिमान मी पहिल्यांदाच पाहिला.

मी तेव्हा पोलादपूरला हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. आमच्या वाडीतला पहिला पदवीधर मी. काकांच्या मुंबईतल्या खोलीत राहून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि ते लोकांना कळावं असं मला वाटायचं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, आजही नाही.

कोंबड्यांची गोचीड मी लहानपणापासून पाहिलेली. आमचं खुराडं ओटीच्या भिंतीतच होतं, दगडमातीत ठेवलेली एक पोकळी आणि तिला फळीचं दार. त्या फळीच्या फटीत काडी घातली की चपटे, करडे, चामड्यासारखे किडे निघायचे. गुरांच्या अंगावरच्या गोचिडीसारखे टपोरे नव्हेत, अगदी दाबून बसवल्यासारखे. आई त्याला भिंतीतली गोचीड म्हणायची. दगडावर चिरडला की रक्त निघे. कोंबडीचंच रक्त, त्याचं आम्हाला काही वाटत नसे. मलेरियावाले फवारणीला आले की आई त्यांना खुराड्याकडे फिरकू देत नसे. औषधाने कोंबड्या मरतील म्हणून. आणि घरातल्या भिंतींवर त्यांनी मारलेली पांढरी पूड ती दोन दिवसांत शेणाने सारवून टाकायची, कारण घर आजारी दिसतं.

दरवर्षी आमची काही पिल्लं मान टाकून मरत. आई म्हणायची, तगली ती आपली.

शिमग्याच्या आधी वडील एकदा महाडच्या बाजाराला गेले आणि गप्प होऊन परत आले. जेवायला बसल्यावर म्हणाले, व्याही भेटले, पण चहाला विचारलं नाही. आईची भाकरी तव्यावर तशीच राहिली. आमच्याकडे सोयरा बाजारात भेटून चहाला विचारत नाही म्हणजे काहीतरी मोडलेलं असतं.

काय मोडलं होतं ते चार दिवसांनी कळलं. बहिणीच्या सासरच्या गावची एक बाई आमच्या वाडीत माहेरी आली होती, तिने सांगितलं. पौषापासून बहिणीच्या सासूच्या कोंबड्या मरत होत्या. हिरवं हगायच्या, तुरा काळा पडायचा, पाय लुळे व्हायचे आणि दुसऱ्यातिसऱ्या दिवशी संपायच्या. खुराडं रिकामं झालं. सगळ्या गेल्या आणि एकच कोंबडी राहिली, माहेरून आलेली. ती ठणठणीत होती. तिचीही निम्मी पिल्लं मेली होती, पण ती कुणी ध्यानात घेतली नाहीत. खुराडं रिकामं झाल्यावर त्याला लागून निजणाऱ्या सासूच्या अंगावर जांभळे डाग उठायला लागले. सवच्या उन्हाळ्यांवर, गरम पाण्याच्या झऱ्यांवर, जाऊन ती आंघोळ करून आली, पण गुण आला नाही. हिने माहेरून पीडा आणली, कोंबड्या खाऊन झाल्या, आता माणसाला लागली, असं सासू म्हणत होती आणि गावही बोलत होतं. जावयाचं मुंबईहून पत्र आलं होतं की आईला योग्य वाटेल ते करा. भगताला बुधवारी बोलावलं होतं. त्याने कौल दिला की बहिणीला कोंबडीसकट माहेरी आणून घालणार होते.

एकदा अशी परत आलेली पोर पुन्हा नांदायला जात नाही. निदान मी तरी पाहिलेली नाही.

मी म्हटलं, मी जातो. रविवार होता. शाळेच्या कपाटातलं भिंग घेतलं, चिमटा घेतला, बुचाची एक बाटली घेतली आणि निघालो. एस.टी.त बसल्याबसल्या मी काय काय बोलायचं ते जुळवत होतो. हा किडा जगभर आहे, कुठल्याही खुराड्यात असतो, तुमच्याच भिंतीत आधीपासून असणार, त्यात माझ्या बहिणीचा काय संबंध. सगळं पुस्तकातल्या परिच्छेदांसारखं तयार होतं.

बहिणीने दारात पाणी दिलं तेव्हा माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही. तिचे सासरे ओटीवर सुपारी कातरत होते. सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. उंच बाई, चेहऱ्यावर देवीचे खोल वण, आणि हातापायांवर ते डाग. मी त्यांना मावशी म्हणायचो.

मी फार वेळ घालवला नाही. भिंतीच्या भेगांत चिमटा घातला आणि एकामागून एक गोचिड्या काढून बाटलीत टाकल्या. पोट खपाटीला गेलेल्या, कागदासारख्या. रिकाम्या खुराड्यात त्या उपाशी बसल्या होत्या. मी समजावलं की हा भिंतीतला किडा. दिवसा लपतो, अंधारात निघतो, अर्धा तास रक्त पितो आणि परत फटीत जातो. आपल्याला जाग येईपर्यंत तो निघून गेलेला असतो, म्हणून चावणारा दिसत नाही. कोंबड्या होत्या तोवर तो त्यांच्यावर जगला, त्या गेल्यावर माणसाकडे आला. आणि शेवटी मी माझं तयार वाक्य टाकलं, की हा तुमच्या भिंतीत आधीपासूनच असणार.

सासूबाईंनी बाटली हातात घेऊन पाहिली.

"मास्तर, ही भिंत गेल्या वैशाखात बांधली. हिच्याच लग्नाला. नवी माती, नवं खुराडं. तुमी जेवायला बसलेला ना हितंच?"

बसलो होतो. ओल्या मातीचा वाससुद्धा आठवला.

मी म्हटलं, कोंबडीचं डालगं बघू द्या.

ते पडवीत होतं. कोंबडीला बाजूला करून मी ते अंगणात उन्हात आणलं आणि उलटं केलं. काठाशी बांबूच्या पट्ट्या दुमडून बांधलेल्या असतात, तिथल्या वळ्यांवर भिंग धरलं. पहिल्यांदा दिसली ती खसखशीसारखी तपकिरी अंडी, गठ्ठ्यांनी चिकटलेली. त्यांच्या शेजारी नुकती फुटलेली पिल्लं, तिळाहूनही बारीक, सहा पायांची. मग टाकलेल्या काती, पारदर्शक, पायांच्या पोकळ मोज्यांसकट. मग आठ पायांची, नाचणीच्या दाण्याएवढी. मग त्यांहून मोठी. आणि सगळ्यांत आत, पट्टीच्या सांध्यात, थोराड माद्या, ज्या प्रत्येक वेळी रक्त पिऊन आल्या की तिथेच पुन्हा अंडी घालतात.

मग मी कोंबडी धरली आणि तिचा पंख उचलला. पंखाखालच्या कातडीत मोहरीएवढे निळसर मणी रुतलेले होते. तीच सहा पायांची पिल्लं, रक्त पिऊन फुगलेली. आयुष्यात एकदाच, या वयात, गोचीड कोंबडीच्या अंगावर आठवडाभर चिकटून राहते. पुढे ती कायमची भिंतीची होते. कोंबडीच्या अंगावरून गावोगाव जायचं असेल तर तिला तेवढा एकच आठवडा मिळतो.

कॉलेजात या सगळ्या अवस्थांची आकृती मी वहीत काढली होती आणि सरांनी ती वर्गात फिरवली होती. त्या वेळी मला वाटलं होतं की हा प्राणी आपल्याला पुरता कळला. आता तो पुरता समोर होता, आमच्या डालग्यात. काठाच्या एका जागी वडिलांनी सुतळीने केलेली डागडुजी होती. ते डालगं मी पायावर चालायला लागण्याआधीपासूनचं होतं.

सासूबाईंचं म्हणणं खरं होतं. पीडा माहेरूनच आली होती.

भिंगातून काय दिसलं ते मला एकट्यालाच माहीत होतं. बाजारातून आणलेल्या एखाद्या कोंबडीवर ढकलता आलं असतं. त्यांनी कार्तिकात दोन तलंगा विकत घेतल्या होत्या, हे बोलण्यात आलंही होतं. मी तसं बोलायला तोंड उघडलं होतं हे इथे कबूल करतो. पण मग मी त्यांना काय सांगायला आलो होतो? की शिकलेल्या माणसाने खोटं सांगितलं की ते शास्त्र होतं, आणि भगताने सांगितलं की ते थोतांड?

ओटीवर येऊन मी म्हटलं, "मावशी, किडा त्या डालग्यातून आला. डालगं आमचं. म्हणजे आमच्याच घरून आला."

सासऱ्यांची सुपारी थांबली.

"मग मी दोन महिनं दुसरं काय सांगते?" सासूबाई म्हणाल्या.

बहीण आतल्या दारात उभी होती. तिथूनच म्हणाली, "दादा, तू कुनाच्या बाजूनं आलायस?"

मी सासूबाईंकडे वळून सांगत राहिलो. करणी नव्हे, किडा आहे. किड्याच्या चाव्यातून कोंबडीच्या रक्तात ताप जातो आणि ती मरते. डालग्यातून तो उतरला, भिंतीच्या भेगांत राहिला, वाढला. यात तिने काही केलेलं नाही. आईनेही नाही. खुडूक कोंबडी डालग्यासकट द्यायची असते, म्हणून दिली.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बाई भोळी नव्हती.

"मग हिची कोंबडी का मेली नाय? सगळ्या गोचिड्या तिच्याच बुडाखाली. पयली तीच मरायला पायजे व्हती. ते सांगा."

हे मला पुस्तकात कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत राहिलो आणि बघताबघता एकदम जे सुचलं ते विचारून गेलो.

"मावशी, तुम्हाला देवी कधी आल्या होत्या?"

सासरे खाकरले. पाहुण्याने घरच्या बाईला तोंडावर विचारावं असं ते नव्हतंच. पण त्या म्हणाल्या, "सात वर्षांची व्हते."

"त्यानंतर साथ आली?"

"आली. दोनदा."

"तुम्हाला?"

"एकदा येऊन गेल्यावर परत कुठं येतात, मास्तर?"

असं म्हणाल्या आणि थांबल्या. आमच्या पिल्लांतली काही दरवर्षी मरत ती का, आणि तगलेली पुढे त्याच खुराड्यात वर्षानुवर्षं अंडी का देत, हे मलाही त्याच क्षणी कळत होतं. पुढे महाडच्या गुरांच्या डॉक्टरांनी ते खरं असल्याचं सांगितलं. पण त्या दुपारी ते मला त्या बाईच्या चेहऱ्यावरून कळलं.

सासूबाई हातावरचा डाग चोळत होत्या. मग नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे नाही, अंगणाकडे बघत त्या बोलल्या.

"दुसऱ्या साथीत आमच्या घरातली तिघं गेली. मीच त्यांचं हागनंमुतनं काढलं आन् मला काय सुदीक झालं नाय. तवा माझी चुलती म्हनाली, हीच एकेकाला खाते."

अंगणात कोंबडी उरलेल्या पिल्लांना घेऊन उकरत होती. थोड्या वेळाने सासूबाईंनी मान न वळवता बहिणीला हाक मारली. "गो, पानी ठेव चुलीवर. मोठं भगुलं घे. आन् ते डालगं जाळ आदी."

बहीण आत गेली. चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला.

पण तेवढ्याने भागणार नव्हतं. निघताना सासूबाई दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, भगताला मी नको म्हणून सांगते, पण गाव विचारील, का नको. गावाला काही दिसलं पाहिजे. तुमच्या आईला सांगा, डालगं तुम्ही धाडलंत, आता भिंत लिंपायला तुम्ही या. चारचौघींनी बघितलं की बोलणं बंद होईल.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. वडिलांना राग आला. व्याह्यांच्या घरी मजुरासारखं भिंत लिंपायला जायचं? पोरीकडची माणसं आहोत म्हणून काय वाटेल ते? आईने त्यांना बोलू दिलं. मग मला विचारलं, "हे सगळं तुला कालेजात शिकवलं व्हतं?"

"हो."

"मग आपल्या खुराड्यात कदी बघितलं नायस?"

तिने ते टोचायला विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं, की इतकी वर्षं बाहेर राहून शिकून आलेला मुलगा सुट्टीत घरी यायचा, ओटीवर पाठ टेकून पुस्तक वाचायचा, आणि पाठीमागे काय आहे ते त्याने का पाहू नये. मला वाटायचं, शिकायचं ते इथून बाहेर पडण्यासाठी; इथे उलटं वळून बघायला काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं. हे मी तिला सांगू शकलो असतो, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने आमच्या खुराड्याची फळी काढून चुलीत घातली, भेगांत उकळतं पाणी ओतलं, घासलेट लावलं, वर चुना फासला. वडिलांना म्हणाली, माझं डालगं गेलं, मी जाते.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. तिने बरोबर चुना घेतला होता आणि आमच्या बांधावरची तांबडी माती, कारण खालच्या मातीला भेगा पडतात असं तिचं मत होतं. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून ती पहाटे घरून निघताना तांब्याभर पाणी पिऊन निघाली. ऊन चैत्रासारखं होतं.

अंगणात शेजारच्या बाया आधीच जमल्या होत्या. कुणाच्या हातात सूप, कुणाच्या कडेवर मूल. आपण काही बघायला आलो नाही असं दाखवत. आईने पदर खोचला आणि सरळ भिंतीला भिडली. सासूबाई उकळत्या पाण्याचं भगुलं घेऊन शेजारी. भेगेत पाणी गेलं की गोचिड्या पाय आखडून खाली गळायच्या आणि बाया पुढे सरून बघायच्या. एकीने विचारलं, हेच का ते? सासूबाई म्हणाल्या, हेच, हात लावून बघ, करणी अशी टिचकीनं मरती का.

दोघी विहिणी एकमेकींशी आधी बोलत नव्हत्या. मग आई म्हणाली, "भिंत लईच भेगाळलीय हो तुमची."

"तर. तुमच्या पाव्हन्यांना जागा नको?"

बाया हसल्या. आईही हसली, पण हात चालूच होता. मी माती कालवून देत होतो, बहीण ती आणून देत होती. तिने त्या दिवशी मला दादा म्हणून हाक मारली, एवढं मला आठवतं. कशासाठी ते आठवत नाही, बहुतेक घमेलं पुढे कर म्हणून.

दुपार चढली. आईचे ओठ पांढरे पडले होते. बहिणीने तांब्या आणला, आईने मान हलवली आणि लिंपत राहिली. बहिणीने पुन्हा पुढे केला, आईने पुन्हा मान हलवली. सासूबाईंनी ते बघितलं. भगुलं खाली ठेवून त्या बाहेर गेल्या आणि शेजारच्या घरातून पाण्याने भरलेला तांब्या घेऊन आल्या.

"माझ्या घरचं नाय. शेजारनीचं हाय," त्या म्हणाल्या. "घ्या. हितं उन्हात पडलात तर परत आमच्याच नावानं."

आईने मातीचे हात पदराला पुसले, तांब्या वर धरला आणि सगळं पाणी प्यायली. मग तांब्या त्यांच्या हातात देऊन म्हणाली, दाराच्या वरची भेग राहिली, शिडी असेल तर आणा.